खडूवर उमटलेली रेघ

व्हॅन यायच्या आधी माझे आईवडील पहाटे सायखेड्याच्या फाट्यावर उभे राहायचे. दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला नेणारा टेम्पो भरून आला, की त्या दिवसाचं काम गेलं. आई घरी येऊन बांधलेली भाकरी सोडून ठेवायची. पुढे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी व्हॅन घेतली, मजूर बायकांची ने-आण सुरू केली आणि तिच्या कमाईवरच मी इंजिनिअर झाले. घरातली पहिली. हे मी सांगते, आणि सांगणारच.

गेल्या छाटणीत तीच व्हॅन तापली. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तरी आबा थांबले नाहीत. उशीर झाला तर मुकादम बायांची हजेरी मांडत नाही, म्हणून बागेपर्यंत तशीच हाकली. तिथे फवारणीच्या टाकीतलं गार पाणी तापल्या इंजिनात ओतलं. आतून टण्णकन आवाज आला, म्हणाले.

सुट्टीला घरी आल्यावर मी ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. पाणी आत शिरलं होतं.

गावातला मिस्त्री म्हणाला, "आबा, इंजिन संपलं. भंगारात घाला न् मोकळे व्हा."

"उघडल्याशिवाय संपलं कसं?" मी विचारलं.

"ताई, तुम्ही सातपूरच्या कंपनीत एसीत बसून पार्ट तपासता. हितं नुसत्या वासानं कळतं."

"मग वास घेत घेत हेड खोला."

तो हसला. आबा हसले नाहीत.

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. तो निघाल्यावर त्यावर डिझेल चोळलं, कोरडं पुसलं आणि आईने कुटून दिलेली खडूची पूड पसरली. भेग असली तर आत मुरलेलं डिझेल पुडीवर उमटतं. थोड्याच वेळात एक बारीक काळी रेघ सरकत पुढे आली, आतून कुणी ओढत असल्यासारखी. हेड गेलं होतं.

आता खालचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मूळ धड; त्यावरही तसंच डिझेल चोळून पूड पसरली. हेड बदलता येतं, पण ब्लॉकही तडकला असेल तर व्हॅन गेली, आणि आबा या वयात पुन्हा फाट्यावर.

"रेघ हाय का?" आबांनी विचारलं.

"थांबा."

एका बोल्टाजवळ ओल दिसली. ती जागा पुसून पुन्हा पूड टाकली. ऊन ओट्यावरून खाली उतरेपर्यंत आम्ही तिघं आणि मिस्त्री त्या पांढऱ्या पुडीकडे बघत बसलो. पूड पांढरीच राहिली.

आम्ही दुसरं हेड बसवलं. आबा आजही त्याच व्हॅनने बायांना दिंडोरीला नेतात.