रेडिओवरची बाई गेली तेव्हा

रायपूर राजधानी झालं त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या यजमानांना लकवा मारला. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. सकाळी उठायला गेले तर डावा हात-पाय हललाच नाही. जीभ जड झाली, पण यांचं बोलणं आम्हाला समजायचं. तेव्हापासून गुढियारी वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत त्यांची खाट, आणि खाटेभोवती मी.

मुलगी कॉलेजात जायची. मराठी समजायची तिला, पण उत्तर हिंदीतच द्यायची. यांच्या तोंडी तर पाणी, कूस आणि भांडं, एवढेच शब्द उरले होते. यांना तरी दोष कसा देऊ? पण दिवस दिवस माझ्याशी कुणी बोलत नसे, हेही खरं.

दुपारी नागपूरहून बायकांचा मराठी कार्यक्रम लागायचा. इकडे पोचेपर्यंत आवाज खरखरायचा. रेडिओ खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला की जरा नीट ऐकू यायचं. कार्यक्रम करणारी बाई सुरुवातीलाच म्हणायची, "नमस्कार मैत्रिणींनो, कशा आहात?" आणि मग क्षणभर थांबायची. खरंच कुणीतरी उत्तर देईल अशी थांबायची. मी यांची चादर ओढता ओढता मोठ्यानं म्हणायची, "बरी आहो, बाई." कधी म्हणायची, "आज काई बरी नाई." मग ती लोणच्याचं सांगायची, नाहीतर कुणाचं पत्र वाचायची. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. गोरी की सावळी, म्हातारी की तरणी, काही माहीत नव्हतं. मध्येच खोकायची, आणि "माफ करा हं" म्हणायची. मला असं माफ करा म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्या दिवशी मी ओल्या फडक्यानं यांची पाठ पुसत होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रोज पुसावी लागे. कार्यक्रमाच्या वेळेला पुरुषाचा आवाज आला. आमच्या सहकारी भगिनी आज पहाटे गेल्या, असं तो म्हणाला, आणि लगेच तिचंच जुनं ध्वनिमुद्रण लावलं. "नमस्कार मैत्रिणींनो, कशा आहात?" आणि ती थांबली.

माझ्या तोंडून जो हंबरडा निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. फडकं हातात, यांच्या उघड्या पाठीवर डोकं टेकून मी रडत सुटले. थांबवायला गेले तर आणखीच जोरात यायचं.

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, भिंतीला भिंत. पहिल्यांदा शेजारची छत्तीसगढी दीदी धावत आली, मग तिच्या मागून बाया, पुरुष. मी अशी यांच्या अंगावर पडलेली. सगळे काय समजायचं ते समजले. दाराशी चपलांचा ढीग झाला. एका म्हाताऱ्यानं डोक्याचं पागोटं काढलं. कुणीतरी बाहेर म्हणालं, "बांस मंगवाओ." दीदीनं मला धरून उठवलं आणि आपल्या पदरानं यांचं तोंड झाकायला वाकली.

हे पालथेच होते. मान कशीबशी वळवून ओरडले, "मी हावो अजून! जित्ता हावो मी!"

दीदी घाबरून मागे सरकली. "त कोन गुजर गे, दीदी?" तिनं मला विचारलं.

"रेडिओवरची बाई," मी म्हणाले.

मग दारातला एक माणूस हसला, आणि एकेकजण आपापल्या चपला शोधू लागला. मुलगी कॉलेजातून येऊन त्या गर्दीत अडकली होती. पांढरीफटक पडली होती. आत येऊन बापाला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे वळली. "मम्मी, तुम जानती थी क्या उसको?"

"नाई."

"तो फिर?"

मी फडकं पिळून वाळत घातलं.

दीदी तेवढी थांबली. तिनं चूल पेटवली, यांना भात भरवला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "रो ले." पण मग मला रडू येईना.

दुसऱ्या दिवशी मी चौकातल्या एसटीडी बूथवर गेले. डिरेक्टरीतून नंबर काढून नागपूरला फोन लावला. कुणीतरी उचलला. तिला कधी नेलं, कशानं गेली, घरी कोण आहे, सगळं विचारायचं होतं. समोरच्यानं विचारलं, "आपण त्यांच्या कोण?" मी रिसीव्हर कानाला धरून उभी राहिले. मागचा माणूस "जल्दी करो दीदी" म्हणत होता. मी फोन ठेवला. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली, नात्यातलं कुणी गेल्यावर करतात तशी.

पुढचे चार दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी मुलीला हाक मारत. मी रेडिओ लावला नाही. दुपार इतकी मोठी असते हे मला तेव्हा कळलं. पंख्याखाली आम्ही दोघं, आणि बाहेर मालगाडीच्या डब्यांचा आवाज. या खोलीतून मी कधी बाहेर पडणार नाही, आणि पडले तर एकाच कारणानं पडेन, असं वाटायचं. ते मनात आलं की मी उठून भांडी घासायची, घासलेलीच पुन्हा.

एका दुपारी यांनी आपणहून विचारलं, "काहून रडली इतकी तू?"

"मले रोज विचारे ती, कशी आहेस म्हणून."

हे छताकडे पाहत होते. मला वाटलं, आता हे तरी विचारतील. यांचे ओठ हललेही.

"त्या दिवशी सारा पारा आला," हे म्हणाले. "मालधक्क्याचा माणूस एक बी नव्हता."

"त्याईले समजलं नसन जी," मी म्हणाले.

"समजलं असन," हे म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी उशीवर गळत होतं. उजव्या हातानं पुसता आलं असतं, पण पुसलं नाही. मीही पुसलं नाही. खाटेच्या पायाशी बसून राहिले.