न दिसणारी अक्षरे

वाचनालयाच्या ग्रंथपाल सुलभाताईंनी आठ महिने खपून पुस्तकांची यादी संगणकात भरली होती. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून ती उघडायची. त्या सकाळी त्यांनी चुकून यादीऐवजी एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या चित्राची फाइल उघडली आणि पडदाभर चौकोन, रेघा उमटल्या. टाइप केलेलेही दिसेना. मी पुस्तक बदलायला समोर उभा होतो.

"यादी गेली रे सगळी," त्या फोन स्पीकरवर ठेवून संगणक बसवणाऱ्या प्रकाशला म्हणाल्या.

"जाते कुठे, ताई? पडदा बिघडलाय फक्त. इंग्रजीत 'रिसेट' टाइप करा आणि एंटर दाबा."

"काही दिसतच नाहीये."

"तुम्हाला दिसत नाही. त्याला कळतं."

त्यांनी एकेक कळ शोधून दाबली. पडदा स्वच्छ झाला.

दाखवणारे बिघडले की आत जपलेलेही गेले, असे आपण धरून चालतो. रागावलेल्या माणसाच्या आवाजावरून नाते संपल्याचेही ठरवून टाकतो.

यादी उघडली. शेवटची नोंद कालचीच होती. ताईंनी ती बोट ठेवून वाचली आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"द्या तुमचं पुस्तक," त्या मला म्हणाल्या.