हिरव्या रंगाखालची मोटार

आमचे ड्रॉइंगचे मास्तर कुठलीही मोटार आधी मागून बघत. "समोरून काय, फोटो काढताना कोणीबी बराच दिसतो," असं म्हणून ते डिकीपासून सुरुवात करायचे आणि हात पाठीमागे बांधून गाडीला सावकाश प्रदक्षिणा घालायचे.

मोटारींचे शौकीन तुम्हीही पाहिले असतील. त्यांना एक तर ती चालवायची असते, नाहीतर तिच्यातून मिरवायचं असतं. मास्तरांना दोन्ही नको होतं. जालन्याच्या स्टेशनाबाहेर एका डॉक्टरांनी त्यांना आपल्या गाडीभोवती घुटमळताना पाहिलं आणि "बसा, शाळेपाशी सोडतो," म्हटलं. मास्तर मागे सरले. "नको साहेब. आत बसलं की गाडी दिसत न्हाई." डॉक्टर निघून गेले. मी मास्तरांसोबत होतो, त्यामुळे मलाही उन्हातून चालत शाळेत यावं लागलं. मी गणित शिकवायचो आणि मला गाडीत बसायला आवडलं असतं.

मास्तर मूळचे आष्टीकडचे. घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यापासून आदराने अंतर राखून एका मोटारीचं जुनं कॅलेंडर. "सायकल घ्या म्हणलं तर म्हणतात, सायकलीत बघायला काय असतंय," त्यांच्या बायकोने मला चहा देता देता सांगितलं. मास्तरांनी हे ऐकलं आणि मान डोलावली.

नवीन जालन्यात एका शेठचं कापसाचं जिनिंग होतं. तिथल्या पत्र्याच्या शेडखाली शेठच्या वडिलांची मोटार उभी असे. विलायती, सायीच्या रंगाची, निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेली. म्हातारे शेठ गेल्यापासून ती हलली नव्हती. मास्तर दर रविवारी तिला बघायला जात आणि पुष्कळदा मलाही नेत. वस्तुचित्राच्या तासाला घडा, वीट आणि लिंबू मांडायची रीत असते. मास्तरांनी एका वर्षी अख्खा वर्ग या मोटारीसमोर नेऊन बसवला. परीक्षेत अर्थातच घडा आला. पोरांनी काढलेल्या सगळ्या घड्यांना मडगार्डाचा बाक होता.

मग पेट्रोल महागलं आणि शेठने ठरवलं, मोटारीचं इंजिन रॉकेलवर करून वडीगोद्रीच्या मळ्यात विहिरीवर बसवायचं आणि बाकीची तोडून भंगारात द्यायची. हे कळलं तेव्हा मास्तर वर्ग सोडून निघाले. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं, म्हणून मीही मागोमाग गेलो.

"शेठ, इंजिन घेऊन जा. पण पत्र्याला हात लावू नका."

"मास्तर, चालत न्हाई, बोलत न्हाई. ठिवून करू काय?"

"तुमी तिला मागून बघितलं का कधी?"

शेठने बघितलं नव्हतं. ते लहानपणापासून आतच बसत आले होते. मास्तरांनी त्यांचं मनगट धरून त्यांना डिकीमागे नेलं आणि उभं केलं. छतापासून बंपरपर्यंत उतरत आलेली ती पाठ शेठ बराच वेळ बघत राहिले. "बिलकुल खरंय," ते म्हणाले. "न्हाई तोडत."

शेठ दिलदार माणूस. मास्तरांसारख्या जाणकाराने आपल्या गाडीसाठी शब्द टाकला, तर त्याचा मान राखायला हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर मोटार हिरवी. जिनिंगच्या दारांना लावतात तो तैलरंग, ब्रशने, दोन हात. बॉनेटवर 'शुभ लाभ', झेंडूचा हार, आणि शेठ हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उभे.

"पसंत हाय ना, मास्तर?"

मास्तरांनी मागून सुरुवात केली. प्रदक्षिणा पुरी केली. "लई मेहनत घेतली शेठ तुमी," ते म्हणाले आणि पेढा खाल्ला. परतताना ते एका लिंबाखाली बसले आणि उठेनात. मला फार वाईट वाटलं. भंगारवाल्याशी भांडता आलं असतं. पेढे देणाऱ्याशी कसं भांडणार?

पण मास्तरांना रंगाची जात ठाऊक होती. खाली न घासता दिलेला रंग धरत नाही. त्यानंतर दर रविवारी मास्तर शाळेतली लाकडी पट्टी, टर्पेंटाइनची बाटली आणि मऊ धोतराचा तुकडा घेऊन जाऊ लागले. एकेक पोपडा पट्टीने उचलायचा, मग चिंधीने हळू पुसायचं. शेठ पहिल्यांदा आले तेव्हा मास्तर म्हणाले, "धूळ बसल्ती, पुसून राह्यलो." शेठने जमिनीवर पडलेले हिरवे पोपडे पाहिले. आतून चहा पाठवला. पुढे दर रविवारी चहा येत राहिला आणि धुळीविषयी पुन्हा कोणी विचारलं नाही.

वर्षं गेली. डिकीवरचा रंग निघाला, दारांवरचा निघाला, 'शुभ'ही गेलं. दिवाळीच्या सुट्टीत मास्तर आष्टीला गेले आणि तिथेच छातीत कळ येऊन वारले. तेव्हा छत आणि अर्धं बॉनेट हिरवंच होतं.

सुट्टी संपल्यावर मास्तरांच्या बायकोकडून मी ती पट्टी आणि चिंधी मागून घेतली आणि रविवारी जिनिंगमध्ये गेलो. काम पुरं करावं, एवढंच मनात होतं. शेठने माझ्या हातातली पट्टी काढून घेतली.

"राहू द्या सर. रंग मी मारला. काढायचा बी मलाच पायजे."

त्यांनी टोपी काढून ठेवली, बाह्या वर सारल्या आणि बॉनेटवर वाकले. 'लाभ'च्या काठाशी त्यांनी पट्टी लावली. एक पोपडा निघाला आणि खाली नखाएवढा सायीचा रंग उघडा पडला. शेठ तसेच वाकलेले राहिले.

"सर, बराबर करून राह्यलो का मी?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं. ज्यांना कळत होतं ते नव्हते. आम्ही दोघं त्या नखाएवढ्या जागेकडे बघत उभे राहिलो, आणि आतून चहा आला तो तीन कप.