पोटाच्या डॉक्टरबाई

“काल काय काय खाल्लंत? लाजू नका, मी पण सगळं खाते.”

पेशंट खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आमच्या गल्लीतल्या डॉक्टरबाई हे विचारायच्या. चष्मा कपाळावर ढकललेला, दोन्ही कोपरं टेबलावर, आणि नजर अशी की समोरचा आता एखादी गोष्टच सांगणार आहे. पेशंट बिचारा रिपोर्टांची पिशवी उघडत असायचा. बाई ती हातानंच बाजूला करायच्या. “हे नंतर. आधी जेवण सांगा.” कुणी म्हणालं, “काही खास नाही, साधंच जेवलो,” की त्या लगेच पुढे सरकायच्या. “साधं म्हणजे काय?”

आता तुम्हाला माहीतच आहे, सोलापुरात साध्या जेवणातही मूठभर शेंगदाण्याचा कूट असतो. तो खाणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. बाई एकेक पदार्थ उकलून घ्यायच्या, फोडणीपर्यंत जायच्या. बाहेर बाकावर रांग वाढत जायची आणि आत सुनेनं केलेल्या आमटीची चर्चा चाललेली असायची. माझी बेकरी भवानी पेठेत त्यांच्या दवाखान्याच्या बरोबर समोर. रांगेतली माणसं कंटाळून माझ्याकडे येऊन चहा-खारी खायची, त्यामुळे त्यांच्या या सवयीबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

बाई विणकरांच्या घरातल्या. आईशी तेलुगूत भांडायच्या, रिक्षावाल्याशी दखनीत घासाघीस करायच्या आणि आम्हाला मराठीत रागवायच्या. शिकायला बाहेर गेल्या आणि शिकून परत आल्या. पोटाचे विकार आणि अ‍ॅलर्जी यांच्या तपासण्या करणारा दवाखाना आमच्या पेठेत काय चालणार, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. पहिले काही महिने लोक त्यांच्याकडे नुसता ताप दाखवायला जायचे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एक माणूस त्यांच्याकडे आला होता. सारखं नाक गळायचं, अंगावर गांधी उठायच्या. ज्यानं त्यानं सांगितलं म्हणून त्यानं वांगं सोडलं, अंडं सोडलं, मासे सोडले, शेवटी दहीही सोडलं. बाईंनी त्याच्या हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ओळीनं ठेवले, प्रत्येक थेंबातून सुईनं जरासं टोचलं आणि त्याला बाहेर बसवलं. तो माझ्याच दुकानासमोर हात पुढे धरून उभा. एका थेंबाखाली गांध उठली, हा खाजवणार तोच दारातून आवाज आला, “खाजवायचं नाही हं! बघतेय मी.” निघालं काय, तर घरातल्या धुळीतले बारीक किडे. जुन्या गादीत असतात ते. वांग्याचा काही संबंध नव्हता. “मग बाई, मी वांगं खाऊ व्हय?” असं त्यानं इतक्या आशेनं विचारलं की बाकावरचे सगळे हसले. “आजच खा,” बाई म्हणाल्या, “आणि गादी उन्हात टाका.”

उलट कुणी मोबाइलवर जाहिरात बघून तपासणी मागवायचं आणि हे खाऊ नका, ते खाऊ नका असा लांबलचक कागद घेऊन यायचं. तो बाई शांतपणे शेवटपर्यंत वाचायच्या. “यात लिहायचं पाणी तेवढं राहिलंय,” म्हणायच्या, आणि घडी घालून परत द्यायच्या.

मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. “काय बेकरीवाले, सोलापुरातले माझे निम्मे पेशंट तुमच्यामुळे आहेत,” असं भर गिऱ्हाइकात म्हणायच्या आणि वर पावशेर खारी घेऊन जायच्या. मी चिडका माणूस. पण त्यांच्यावर चिडायला जमायचं नाही, कारण खारी त्या खरोखरच आवडीनं खायच्या.

आता गौरीचं सांगतो. गौरी माझी मुलगी. तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. पोट पुढे आलेलं, हातपाय काड्या, तोंडावर रक्त नाही, आणि जुलाब काही थांबायचे नाहीत. वर्गातल्या मुली उंच झाल्या, ही आहे तिथंच. जंतांचं औषध झालं, टॉनिक झालं, दृष्ट काढून झाली. भाकरी जड पडेल म्हणून आम्ही तिला हलकं खायला द्यायचो. दुधात भिजवलेला टोस्ट, रव्याची खीर, मऊ चपाती. घरची बेकरी, त्यामुळे टोस्टला तोटा नव्हता. सकाळचा पहिला घाणा उतरला की त्यातला चांगला भाजलेला मी तिच्यासाठी बाजूला काढायचो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बायको तिला घेऊन माहेरी सांगोल्याला गेली. परत आली तेव्हा पोरीच्या गालावर रंग होता. जुलाब बंद. पायऱ्या धावत चढली. आम्ही हरखून गेलो. आणि सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की हिला सांगोल्याचं पाणी मानवलं.

मानवलं तर मानवलं, आम्ही ते पाणी सोलापूरला आणायचं ठरवलं. गौरीचा मामा दर आठवड्याला एसटीनं कॅन घेऊन यायचा. ज्या तालुक्याला उन्हाळ्यात टँकर लागतात, तिथून आम्ही पाणी मागवत होतो! कंडक्टर वैतागायचा. मामा खांद्यावरून कॅन उतरवताना म्हणायचा, “दाजी, आमच्या हिरीचं पाणी लई ग्वाड हाय. हितल्या नळाला त्याची सर न्हाय.” गौरी ते पाणी प्यायची, वर माझा टोस्ट खायची, आणि महिन्याभरात पुन्हा काडी झाली. मग आम्हाला वाटलं, कॅनमध्ये राहून पाणी बिघडत असेल. मामानं तांब्याची कळशी आणायला सुरुवात केली.

एका संध्याकाळी बाई खारी घ्यायला आल्या आणि मामा कळशी घेऊन पायरी चढत होता. “हे काय?” त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. पाण्याचं ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना फळीला धरावं लागलं. मग एकदम थांबल्या. चष्मा वर गेला.

“सांगोल्याला खाते काय ती?”

“काय खाणार? भाकरी,” मामा म्हणाला. “आमच्यात दुसरं काय असतंय? सकाळी भाकरी, सांजच्याला भाकरी. गहू सणासुदीला.”

“आणि इथं?”

माझ्या मागच्या फळीवर टोस्ट, पाव, खारी, नानकटाई, सगळं ओळीनं मांडलेलं होतं. बाईंनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या वेळी त्या थट्टा करू शकल्या असत्या. केली नाही. “उद्या सकाळी पोरीला घेऊन या, बेकरीवाले,” एवढंच म्हणाल्या आणि खारी न घेताच गेल्या.

रक्त घेतलं. काही जणांच्या आतड्याला गव्हातला चिकटपणाच सोसत नाही, आतडं झिजत जातं, अन्न अंगी लागत नाही, असं त्यांनी मला बाकावर शेजारी बसून समजावलं. मी उठलोच. म्हटलं, आत्ताच्या आत्ता गहू बंद. बाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

“बंद करायचा नाही. तपासण्या संपेपर्यंत रोज द्यायचा.”

माझा तोल गेला. “बाई, विष आहे म्हणताय आणि चालू ठेवा म्हणताय? माझ्या हातानं घालू?”

“व्हय, तुमच्याच हातानं.” त्या आमच्यासारखं बोलल्या तेव्हा मला कळलं, त्यांनाही हे सोपं जात नव्हतं. “गहू आत्ता सोडला तर आतडं भरून यायला लागेल. तपासणीत काही सापडणार नाही. मग उद्या कुणीही म्हणेल, काही नाही हो तिला, खाऊ दे. लग्न होऊन सासरी जाईल तिथं म्हणतील. एकदाच नक्की करू. म्हणजे तिला कुणाशी भांडत बसायला नको.”

रक्ताचा रिपोर्ट आला तो त्यांना वाटलं होतं तसाच. मग मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घालून आतड्याचा कण काढायची तारीख मिळेपर्यंत थांबणं आलं. ते दिवस मला अजून नको वाटतात. गौरीच्या हातात टोस्ट देताना माझा हात पुढे जायचा नाही. पण बाई रोज दवाखाना बंद करून समोरून यायच्या, माझ्या बाकावर गौरीला शेजारी घ्यायच्या आणि तिच्याच कपात आपला टोस्ट बुडवायच्या. कुणाचा आधी तुटून पडतो याची दोघींची पैज असायची. पोरगी खिदळायची. मी भट्टीकडे तोंड करून उभा राहायचो.

दुर्बिणीच्या दिवशी त्या दवाखाना बंद ठेवून आमच्याबरोबर आल्या. निदान पक्कं झालं. घरी परतताना बायको रडत होती. बाई तिला म्हणाल्या, “अहो, रडताय काय? पोरीचं औषध तुमच्या तव्यावर आहे. नशीब समजा की ज्वारीच्या मुलखात जन्मली.”

तरी लगेच बरं झालं नाही. भाकरी खाऊनही अधूनमधून पोट बिघडायचं. बाई घरी आल्या, डबे उघडून बघितले, आणि मग बायकोच्या मागोमाग गिरणीत गेल्या. गिरणीवाला म्हणाला, “ज्वारी गव्हाच्या मागंच दळतो की, जातं तेच.” दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे घरघंटी आली. बेकरीच्या वरची खोली सोडून आम्ही दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेलो, कारण पीठ हवेतसुद्धा असायचं. तेव्हापासून मी बेकरीतच अंघोळ करून, कपडे बदलून घरी जातो. मित्र चेष्टा करतात. करोत. पोरगी बापाच्या गळ्यात पडायला धावत येते तेव्हा अंगाला पीठ नको, एवढं मला कळतं.

गौरी वाढली. सुरुवातीला हळूहळू, मग एका वर्षात अशी की गणवेश पुरेना. बाईंना रस्त्यात दिसली की त्या तिला आपल्या खांद्याशी उभी करून बघायच्या. एके दिवशी ती त्यांच्या खांद्याच्या वर गेली, तेव्हा बाईंनी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. आम्हा नवराबायकोवर या बाईंचे जे उपकार आहेत ते फिटणारे नाहीत, आणि फेडावेत असं मला वाटतही नाही. राहू देत अंगावर.

मागच्या वर्षी दवाखाना मध्येमध्ये बंद दिसायला लागला. मी विचारलं तर म्हणाल्या, “पोटाचा आजार असता तर मीच बघितला असता. हा दुसऱ्या खात्यातला आहे.” खारी घेतली, तीही थोडीच. त्यानंतर त्या समोरच्या पायऱ्या उतरताना मला फार वेळा दिसल्या नाहीत. थंडी सरता सरता त्या गेल्या.

दिवसकार्याच्या जेवणाला सगळी पेठ होती. गौरी आता कॉलेजात जाते. कुठल्याही कार्याला ती घरून जेवूनच निघते, पण त्या दिवशी तिनं घरी काही खाल्लं नव्हतं, घास उतरत नाही म्हणाली. पंगतीत पोळी, शेवयांची खीर. मी पानावर बसलो आणि ती बाहेर ओट्यावर बायकांत जाऊन बसली.

तेवढ्यात बाईंचे यजमान पंगतीतून वाट काढत आले. “गौरी कुटं हाय?” त्यांनी मला विचारलं. मी उठून त्यांच्यामागे गेलो.

“काका, मी घरून खाऊन आले,” ती सवयीनं म्हणाली.

“न्हाय बाळा. तुझं वेगळं केलंय, चल.”

त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं. तिथं वेगळी शेगडी होती, कोरा तवा होता, आणि बाईंची बहीण पाटावर बसून भाकरी थापत होती. शेजारी भाजी, भात, झाकून ठेवलेलं.

“सकाळपासून या खोलीत गहू आणू दिला न्हाय मी,” यजमान म्हणाले. “तिनं मोठ्या दवाखान्यात पडून असतानाच सांगून ठेवलं व्हतं. बाकीचं तुम्हाला सुचेल तसं करा म्हणाली, पण त्या दिवशी पोरगी माझ्या घरातून उपाशी जायला नको.”

गौरी खाली बसली. माझ्या हाताला पोळी लागली होती, म्हणून मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. तिनं पहिली भाकरी मान खाली घालून संपवली. मग डोळे पुसले आणि आणखी एक मागून घेतली.