दादाचे दहापैकी दहा

इंटरनेट तुटलं की लोक चडफडतात, राउटर बंद करून चालू करतात आणि तोवर चहा टाकतात. दुभाषीबाईंचं मात्र कामच थांबायचं. इस्पितळात डॉक्टरांसमोर ऐकू न येणारा पेशंट बसला की व्हिडिओवर बाईंना बोलावणं यायचं. डॉक्टर तोंडाने बोलायचे ते बाई खुणांच्या भाषेत हातांनी सांगायच्या, आणि पेशंट हातांनी बोलायचा ते तोंडाने. हे सगळं घरातल्या मधल्या खोलीत बसून, पाठीमागे निळा पडदा टांगून आणि हात उठून दिसावेत म्हणून अंगात काळा सदरा घालून.

अठरा वर्षं झाली या कामाला. आणि आता एकाच महिन्यात दोन ताकिदी! पहिल्या वेळी डोळ्यांच्या तपासणीत चित्रच गोठलं. ते चाललं असतं एक वेळ. दुसऱ्या वेळी समोर एक आई होती, मांडीवर तापाने फणफणलेलं मूल. डॉक्टर म्हणाले, ‘‘हे औषध दोनच दिवस द्या, मग थांबवा.’’ बाईंनी सांगितलं. आईने मान हलवली आणि औषध सहा दिवस दिलं. मूल वाचलं, पण पुन्हा भरती करावं लागलं. त्या माउलीपर्यंत ‘थांबवा’ पोचलंच नव्हतं.

‘‘नेट अडकलं असणार,’’ बाई म्हणाल्या. सगळ्यांना पटलं. त्या आठवड्यात नेट खरंच रडत होतं.

कामं वाटून देणाऱ्या समन्वयक बाई वाईट नव्हत्या, पण स्पष्ट होत्या. ‘‘नवी लाइन घ्या. पुढच्या सोमवारी संध्याकाळी सहाला चाचणीचा कॉल करते. तिसऱ्यांदा असं झालं तर यादीतून नाव काढावं लागेल, माझा नाइलाज आहे.’’

हातात बारा दिवस. इमारतीत तीन कंपन्या येत होत्या. एक केबलवाला, त्याचं नेट सगळ्यांत स्वस्त आणि घरोघरी. दुसरी फायबरवाली. तिसरी गच्चीवर अँटेना बसवून देणारी. बाईंनी तिघांनाही फोन लावले.

‘‘मॅडम, एका वेळी पाच टीव्हींवर सिनेमे बघा!’’

‘‘मला सिनेमे बघायचे नाहीत हो. मला दिसायचंय. माझ्या घरातून बाहेर किती वेगाने जातं, ते सांगा. अपलोड.’’

‘‘अपलोड ना? भरपूर आहे, मॅडम.’’

भरपूर हा काय आकडा झाला? उचलली जीभ लावली टाळ्याला. घरात येणाऱ्या वेगाबद्दल प्रत्येक जाहिरात घसा फोडून सांगत होती. बाहेर जाणाऱ्या वेगाबद्दल सगळ्यांची मिठाची गुळणी.

बाईंचे यजमान बस चालवायचे. ते म्हणाले, ‘‘अगं, घे कुठलंही. सगळे एकाच माळेचे मणी.’’

‘‘तुमच्या बसला कुठलेही ब्रेक चालतात का?’’ बाई कडाडल्या. यजमान पेपरात तोंड खुपसून बसले ते बसलेच.

मग बाईंनी स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. संध्याकाळी सहाला, जेव्हा सगळी इमारत नेटवर तुटून पडते तेव्हा, लॅपटॉप काखेत मारून त्या शेजाऱ्यांकडे जाऊ लागल्या. शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे केबल, समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे फायबर, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांकडे अँटेना. प्रत्येक ठिकाणाहून दहा वाक्यं हातांनी सांगायची, अगदी इस्पितळातली. पलीकडून गुण द्यायला होता दादा.

दादा बाईंचा थोरला भाऊ, जन्मापासून ऐकू न येणारा. त्याचा फर्निचरचा कारखाना होता. त्याच्याशी बोलता बोलताच बाई ही भाषा शिकल्या होत्या. दादाइतका अस्सल परीक्षक शोधून सापडला नसता.

दादाने केबलला दहापैकी दहा दिले. फायबरलाही दहा. अँटेनालाही दहाच, आणि वर अंगठा.

यजमान खूश. ‘‘बघ! स्वस्तातलंच घे.’’ बाई खात्री करायला पुन्हा एकदा काकूंकडे बसल्या होत्या, केबलवाला फॉर्म घेऊन तिथेच आला. दोन वर्षांचा करार, मध्येच सोडता येणार नाही. बाईंनी पेन उघडलं. लॅपटॉपवर दादा अजून होताच. तेवढ्यात त्याच्या मागून कारखान्यातला पॉलिशवाला गेला. त्यालाही ऐकू येत नसे, पण बाईंशी त्याची ओळख जुजबी. बाईंनी जाता जाता परीक्षेतलंच एक वाक्य त्याला हातांनी सांगितलं, ‘‘डोकं दुखतंय का? एक गोळी रात्री घ्या, सकाळी नको.’’

पॉलिशवाला डोळे बारीक करून पडद्याजवळ आला. ‘‘काय?’’

बाईंनी पुन्हा सांगितलं.

‘‘गोळी कळली. पुढचं नाही.’’

दादा मध्येच घुसला. ‘‘असं काय करतोस? रात्री घे, सकाळी नको! स्वच्छ दिसतंय की!’’

बाईंचं पेन जागच्या जागी थांबलं. एकच चित्र, एकच पडदा, आणि एकाला सगळं कळलं, दुसऱ्याला अर्धं! दादा वाचत नव्हता, ओळखत होता. चाळीस वर्षांच्या सवयीने बहिणीच्या मनातलं ओळखत होता. आणि असल्या माणसाच्या भरवशावर आपण सही करायला निघालो होतो.

‘‘फॉर्म राहू द्या,’’ त्या म्हणाल्या. केबलवाला कुरकुरत गेला.

सोमवार चार दिवसांवर आला होता. दुसऱ्या दिवशी त्याच तीन घरांतून पुन्हा परीक्षा झाली. या वेळी पडद्यासमोर पॉलिशवाला, हातात कागद, दिसेल ते लिहायचं. दादाला भिंतीकडे तोंड करून बसवलं, तेव्हा तो बराच वेळ रुसला. केबलला दहापैकी चार मिळाले. अँटेनाला पाच. फायबरला सात.

सात? बाईंना ते पचेना. डॉक्टरीणबाईंच्या घरी चित्र एकदाही अडकलं नव्हतं.

‘‘चित्र तुटलं का?’’ त्यांनी विचारलं.

पॉलिशवाल्याने नाही म्हणून मान हलवली. जरा संकोचला, आणि मग त्याचे हात उठले. ‘‘चित्र छान. तुम्ही फार घाईत असता. वाक्याचा शेवटचा शब्द हात खाली पडता पडता सांगता. तो दिसत नाही.’’

शेवटचा शब्द. थांबवा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या कारखान्यात गेल्या. मध्ये ना तार, ना पडदा. दादा एका फळीला रंधा मारत होता. त्यांनी त्याचा हात धरून थांबवलं.

‘‘खरं सांग. समोरासमोर तरी तुला माझं सगळं कळतं का?’’

दादाने रंधा बाजूला ठेवला, हातांवरचा भुसा झटकला. ‘‘अर्धं. कधी थोडं जास्त. बाकीचं मी जुळवतो.’’

‘‘कधीपासून?’’

त्याने गुडघ्याच्या जरा वर हात धरून उंची दाखवली. एवढीशी होतीस तेव्हापासून.

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘सगळ्या घरात माझ्याशी हात हलवणारी तू एकटी. चुका काढल्या असत्या आणि तूही थांबली असतीस, तर?’’

बाई तिथेच, लाकडाच्या ढिगावर बसून रडल्या. दादाची माया आठवून रडल्या, आणि त्या आईची आठवण येऊन त्याहून जास्त रडल्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्या दुसऱ्यांना किती वेळा हसत म्हणाल्या होत्या!

त्याच दुपारी त्यांनी फायबरवर सही केली. रविवारी तार घरात येईपर्यंत कंपनीच्या माणसाला त्यांनी इतके फोन केले की बिचारा त्यांचा आवाज ऐकताच ‘‘निघालोय, निघालोय’’ म्हणायचा. आणि मधल्या दोन्ही संध्याकाळी दादा मधल्या खोलीत ठाण मांडून बसला. एकदा तोंड उघडल्यावर, म्हणजे हात उघडल्यावर, त्याने कसली दयामाया दाखवली नाही. हात जरा घसरला की ‘पुन्हा’. शेवट गिळला की ‘पुन्हा’. बाई चिडल्या, एकदा तर उठून गेल्या. परत आल्या तेव्हा दादा तसाच बसलेला. ‘पुन्हा.’

सोमवारी सहाला कॉल आला. पडद्यावर एक अनोळखी ऐकू न येणारे गृहस्थ, चेहरा कोरा, हातात कागद. बाजूच्या चौकटीत समन्वयक बाई एकेक वाक्य वाचत होत्या. बाईंचे हात घाई करत नव्हते. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द त्यांनी छातीपुढे पूर्ण केला आणि मगच हात खाली घेतले. विसाव्या वाक्यानंतर गृहस्थांनी आपला कागद कॅमेऱ्यापुढे धरला. वीसच्या वीस.

‘‘सुटलो बाई!’’ समन्वयक बाई हसल्या. ‘‘मी नोंद करते, लाइनीत दोष होता, आता दूर झाला. तुमचं नाव यादीत कायम.’’

बाईंना एवढंच करायचं होतं, आभार मानून कॉल बंद. यजमान दारातून हातानेच ‘झालं?’ विचारत होते.

‘‘तशी नोंद नका करू,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पहिल्या वेळी लाइनच होती. त्या आईच्या वेळी मी होते. ‘थांबवा’ मी नीट सांगितलंच नाही.’’

गृहस्थ एकदा या चौकटीकडे, एकदा त्या चौकटीकडे बघत होते. त्यांना काय चाललंय ते कळावं म्हणून बाईंनी तेच वाक्य हातांनी, सावकाश, पुन्हा सांगितलं.

‘‘हे मला लिहावं लागेल,’’ समन्वयक बाई म्हणाल्या. ‘‘वरचे लोक काय ठरवतील, माझ्या हातात नाही.’’

‘‘लिहा.’’

समन्वयक बाईंनी लिहून घेतलं, मग चष्मा काढून पुसला. ‘‘वरून उत्तर यायला आठवडा लागतो. तोपर्यंत नाव यादीतच आहे. उद्या साडेनऊला लहान मुलांच्या विभागातून कॉल येईल. एक आजी आहेत, नातवाला घेऊन येतायत.’’ त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ‘‘सावकाश सांगा त्यांना.’’