मागे सोळा दाते

शनिवारी सकाळी मोताळ्याहून शबानाभाभींचा फोन आला. ताईच्या शेजारीण. म्हणाल्या, "भाऊ, ताई उठूनच नाही राह्यल्या." मी म्हणालो, "उठवा न मंग भाभी, उद्या रविवार आहे, तिले घाट चढाचा आहे." भाभी रडायला लागल्या, तेव्हा मला कळलं. आमच्या घराण्यात मी हुशार गणला जातो, यावरून बाकीच्यांची कल्पना करावी.

लताताई माझी थोरली चुलत बहीण, मोताळ्याच्या शाळेत खेळाची शिक्षिका. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर सायकल केली. तीही फिक्स, म्हणजे जिला फ्री-व्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, उतारावरसुद्धा पायांना सुट्टी नाही. एकदा मी ऐटीत बसलो आणि सवयीनं पाय थांबवले. सायकलनं मला उचलून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगात टाकलं. ताई पोट धरधरून हसली. "पाय थांबवाचे नाही, सांगतलं होतं न तुले! थे सायकल आहे, सोफा नाही."

अशा सायकलला गिअर बदलायची सोय नसते. पुढच्या चक्राला किती दाते आणि मागच्याला किती, ही जोडी एकदा ठरवायची. मग चढ, उतार, समोरचा वारा, सगळं तिच्यावरच निभवायचं. "लग्नच झालं हे," मी म्हणालो, तर म्हणे, "हे निदान पान्यानं खोलता येते." तिनं पुढे चव्वेचाळीस आणि मागे सोळा लावले होते. सपाटीवर अशी जायची की एसटीचे ड्रायव्हर तिला हात करायचे. पण दर रविवारी ती आमच्याकडे बुलढाण्याला जेवायला यायची, आणि मध्ये राजूरचा घाट. तिथं सोळा दाते जड पडायचे. ज्या वळणावरून खालचा सगळा मोताळ्याकडचा मुलूख दिसतो, तिथं तिचा दम संपायचा. ती उतरून कठड्यावर बसायची आणि मी वरून स्कूटरवर चहा घेऊन खाली जायचो. घरातलं जे घरात बोलता येत नाही ते आम्ही त्या कठड्यावर बोललो. आईचं आजारपण, माझ्या मुलीचं नागपूरला निघून जाणं... ताईचं एकटेपण सोडून सगळं.

"ताई, मागे वीस दाते लाव," मी दरवेळी म्हणायचो. "चढ हलका होईल, थेट घरी येशील."

"अन् सपाटीवर पाय मिक्सरसारखे फिरतील, त्याचं काय? काऊन रे, तुले खाली याचा कंटाळा आला काय?"

शेवटच्या रविवारी मात्र तिनं मिक्सर काढला नाही. कप झटकत म्हणाली, "थेट घरी आली तर मले तुह्या घरचे सगळे भेटतील. तू कुठं भेटशील?" मी दुसरा कप ओतला.

तेरावं झाल्यावर शबानाभाभींनी सायकल माझ्याच हाती दिली. आता रविवारी मी ती टेम्पोत टाकून घाटाखाली नेतो आणि चढू लागतो. माझं पोट माझ्या आधी चढतं. बायको म्हणाली, "अहो, मागे वीसचं लावून घ्या. नाहीतर तुमच्यावर श्रद्धांजलीचा लेख लिव्हाची पाळी माह्यावर येईल." म्हणून दुकानात गेलो. दुकानदारानं वीस दात्यांचं नवं चक्र माझ्या तळहातावर ठेवलं. चांगलं वजनदार, थंडगार. "लावू का, सर?" मी ते बराच वेळ फिरवत राहिलो. हे लावलं की जमेल मला. हळूहळू का होईना, तिच्या वळणावरून न उतरता पुढे निघून जाईन, घरी पोचेन, जेवेन...

"राहू द्या," मी म्हणालो.

सोळावर मी अजून तिच्या वळणापर्यंत पोचलेलो नाही. त्याच्या अलीकडच्याच वळणावर पाय लटपटतात आणि मी उतरतो. तिथून वर पाहिलं की तिचा कठडा दिसतो. मी धापा टाकत तिकडे बघत उभा असतो. एखादा मोटारसायकलवाला थांबून विचारतो, "काका, पंक्चर झाली काय?"

"नाही बा," मी म्हणतो. "ताईकडं जाऊन राह्यलो."