चार दाढा आणि एक पट्टी

“डॉक्टरसाहेब, चारही दाढा काढून टाका. मले आता सहन होऊन नाही राहिलं.”

रामाजी पवनीचे धानाचे व्यापारी. सन १९८०च्या आसपासची गोष्ट. भंडाऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात ते बायकोला घेऊन एसटीनं आले होते. रामाजींचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. दाढांना कीड नाही, पण वरचे उंचवटे घासून सपाट झालेले. गाल दाबला तर माणूस कळवळला.

“झोपेत दात खाता का?”

उत्तर बायकोनं दिलं. “करकर खातेत जी! जंत झाले म्हणून दोनदा औषध पाजलं.”

जंत बिचारे निर्दोष होते. झोपेत दातावर दात घासला की जबड्याचे स्नायू रात्रभर राबतात आणि सकाळी ठणकतात. त्यात रामाजी दिवसभर धान चावून बघत. दाणा कटकन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला.

“महिन्याभरात नवं धान येते,” ते म्हणाले. “दाणा चावता नाही आला तर धंदा कसा करू?”

“आणि दाढाच नसल्या तर?”

त्यांनी मला पंधरा दिवसांची मुदत दिली. नाहीतर दाढा काढायच्याच.

मी माप घेऊन अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे कवळीच्या प्लास्टिकची, पट्टी बनवली. ती वरच्या दातांवर बसते. दाढा वाचतात, जबडा सैल पडतो. मोठ्या ऐटीत मी ती बसवून दिली.

पंधरा दिवसांनी रामाजी आले ते गाल धरूनच. पट्टीवर ओरखडे, कडेला धानाचं तूस.

“ही घालून धान चावता?”

“चावतो ना. दिवसभर घालून राहतो.”

“आणि रात्री?”

“काढून पाण्यात ठेवतो. तुमच्याच कागदावर लिहून आहे.”

त्यांनी खिशातून कागद काढला. कवळीवाल्यांसाठी छापलेल्या सूचना! सवयीनं मीच हातात दिल्या होत्या. माझ्या बावळटपणापायी या माणसाच्या चार धडधाकट दाढा गेल्या असत्या.

“रामाजी, चूक माझी आहे. पट्टी रात्री घाला, दिवसा काढा. गालाला शेक द्या. आणि दोन महिने धान चावायचं नाही.”

“मग माल पाहीन कसा?”

“मी पाहतो चावून,” बायको म्हणाली. “माझे दात का कमजोर आहेत?”

हंगामभर त्या बाईंनी दाणा चावला आणि भाव रामाजींनी ठरवला. हंगाम सरल्यावर रामाजी आले, खुर्चीत बसायच्या आधीच तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवली आणि हसले. मीही हसलो. फार बरं वाटलं.

रोगी सांगितलेलं ऐकत नाहीत, ही आम्हा डॉक्टरांची कायमची कुरकुर. रामाजींनी तंतोतंत ऐकलं, म्हणून तर घोळ झाला. तेव्हापासून मी नुसता कागद देत नाही. तोंडानं सांगतो, आणि रोग्याकडून परत वदवून घेतो.